अठ्ठावीस सेकंद

वाघोलीत, सातव्या मजल्यावर, लेकीच्या घरी
मी दुपारी झोपत नाही.
दीडला भोंगा होतो,
पलीकडच्या दगडखाणीत बत्ती लागते,
खिडकीची काच शहारते,
कपाटातल्या वाट्या आपसात बोलून घेतात.
सुलक्षणा म्हणते, केवढा हा आवाज, बाबा!
मी म्हणतो, आवाज झाला, काम नाही झालं.
ठासणी कमी पडली.
जोर तोंडातूनच निघून गेला,
कातळ नुसता दचकला आणि जागेवर बसला.

तिला वाटतं, खोड आहे.
आहेच.
एकतीस वर्षं वणीकडच्या उघड्या कोळसा खाणीत
मी होल मोजले.
किती खोल, कुठल्यात पाणी,
कोणी कोणाच्या मागे किती मिलिसेकंद थांबायचं.
कोळशाच्या अंगावरचं वाळूखडकाचं पांघरूण
फोडायचं असतं, उडवायचं नसतं,
हे कळायला सहा वर्षं गेली.

कळवलं भिवाजी कोडाप्याने.
त्या आठवड्यात वरून निरोप होता, बारूद वाचवा.
मी होलांतलं अंतर अर्धा मीटर वाढवलं,
तळाला पाणी होतं त्यातही तसंच भरलं,
वहीत बचत लिहिली आणि जेवायला गेलो.
दुसऱ्या दिवशी त्याने मला शॉवेलच्या केबिनमध्ये बोलावलं.
चहा नाही, नमस्कार नाही.
"मोजा साहेब. तुमच्याच घड्याळात."

बकेट शिरली, भरली, वळली, डंपरवर रिकामी, परत:
चांगल्या ढिगात अठ्ठावीस सेकंद.
मी मोजले एक्केचाळीस.
मग चव्वेचाळीस.
मग जीपएवढा एक धोंडा, त्याला बाजूला सारण्यात
मोजणंच चुकलं.
बकेट अर्धी येत होती.
तळाशी न तुटलेला कातळ तसाच उभा,
त्यावर दात घासले की अख्खं यंत्र पुढून उचललं जायचं
आणि आपटायचं, आम्हा दोघांसकट.
खाली सात डंपर रांगेत, इंजिनं चालू,
ड्रायव्हर तोंडावर दुपट्टा टाकून निजलेले.
"तुमी वाचवलेली बारूद," भिवाजी म्हणाला,
"इथं जळून राहिली ना साहेब, डिझेल होऊन."

अकराच्या सुमारास बकेटचा दात तुटला.
त्याने तो चिंधीत गुंडाळून मला दिला,
लग्नातला नारळ द्यावा तसा, दोन्ही हातांनी.

तोच दात इथे बाल्कनीचं दार अडवून धरतो.
नातवाला वाटतं डायनासोरचा.

इथला दगड काळा, घट्ट, वेगळ्या स्वभावाचा.
पण दुपारभर ब्रेकर चालतो, टक टक टक टक,
सुलक्षणा कानात बोळे घालून ऑफिसची मीटिंग करते,
आणि तिला पटत नाही
की ही टकटक म्हणजे दीडच्याच सुरुंगाचं उरलेलं काम.
एकदा मी खाली गेलो. गेटवरच्या माणसाने हाकललं.
मग कुंपणाच्या तारेला टेकून मोजत बसलो.
पोकलेनवाला पोरगा पाणी प्यायला आला, दशरथ धोत्रे.
काका, काय मोजताय?
तुझे सेकंद.
हसला. म्हणाला, मालकाला सांगा,
पाठ माझी जाते, त्याचं काय जातंय.

मी सांगितलं नाही. मला कोण विचारतं?
पण गेल्या गुरुवारी
दीडला फक्त एक जड हुंकार आला, जमिनीतून.
वाट्या गप्प.
सुलक्षणा म्हणाली, आज सुट्टी का खाणीला?
चप्पल पायात नीट न घालताच मी कुंपणाशी.
ढीग पसरलेला, मोकळा, दळदार,
ब्रेकर एका कडेला मान टाकून उभा.
दशरथने हात केला.

रात्री भिवाजीला फोन लावला.
दोन वर्षं झाली, तो आडवाच असतो;
कमरेच्या मणक्यांत दोन स्क्रू,
त्यांतला एक तरी माझ्या त्या बचतीचा.
पोराने फोन त्याच्या कानाशी धरला.
इकडचं तिकडचं झालं. मग त्यानेच विचारलं,
किती आले?

तीस आले होते.
मी अठ्ठावीस सांगितले.